खलफेचाचांच्या टिकल्या

अमिरातीतल्या अल ऐनच्या आमच्या ऑफिसात टिकल्या वापरणारं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे अब्दुल रहीम खलफे. माझं कपाळ मोकळं असायचं. आई दर शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर आधी माझं कपाळ बघायची, उसासा टाकायची आणि मग तब्येत विचारायची. चाचांकडे मात्र टिकल्यांचा ड्रॉवर भरलेला. मोठ्या, मधल्या, अगदी मोहरीएवढ्या. लाल वेगळ्या, हिरव्या वेगळ्या. पाकिटं रबर लावून, उभी रचून ठेवलेली. मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी पेन शोधताना चुकून तो ड्रॉवर उघडला आणि घाईघाईनं बंद केला. एखाद्याचं खासगी काही बघितल्यासारखं मला ओशाळं झालं होतं.

ते सगळं खासगी नव्हतं, भिंतीवर होतं. आमची कंपनी कामगारांसाठी दवाखाने चालवते. सनायातले, म्हणजे गॅरेज-कारखान्यांच्या वस्तीतले मेकॅनिक, बांधकामावरचे गवंडी, खजुराच्या बागांतले माळी, असे सगळे तिथं येतात. त्या दवाखान्यांच्या नोंदी आमच्या ऑफिसात जमा व्हायच्या आणि आमच्या ऑफिसची अख्खी एक भिंत म्हणजे चाचांनी शाईने काढलेला अल ऐनचा नकाशा. चाचा मूळचे ड्राफ्ट्समन. पाण्याच्या लाईनी काढायला दापोलीकडच्या खाडीकाठच्या गावातून ऐन विशीत इथं आले, पुढं कुणा साहेबानं आठवड्याभरासाठी त्यांना आरोग्य विभागात पाठवलं, आणि तो आठवडा काही संपला नाही. नकाशात बागा होत्या, कामगारांच्या खोल्यांच्या रांगा होत्या, पाण्याच्या टाक्या, बकाला म्हणजे किराणा दुकानं, मशिदी, एवढंच काय सावलीची मोठी झाडंसुद्धा होती. आणि त्यावर टिकल्या. लाल म्हणजे आजारी, हिरवी म्हणजे बरा. मोठी टिकली काविळीची, मोहरीएवढी उन्हाच्या झटक्याची. एक टिकली म्हणजे एक माणूस. नाव कुणाचंच लिहिलेलं नसायचं, पण कुठल्याही टिकलीवर बोट ठेवा, चाचा नाव सांगायचे, गाव सांगायचे आणि त्याला मुलं किती तेही सांगायचे.

मी इथं आले ती ही भिंत रिटायर करायला. माझ्या नेमणूकपत्रात ते जरा बऱ्या शब्दांत लिहिलं होतं. आमचे साहेब डॉ. तारिक, स्वभावानं उमदे इजिप्शियन गृहस्थ, त्यांना सगळं स्क्रीनवर हवं होतं. मी सोलापुरात आकडेवारी शिकलेली, नवऱ्याच्या नोकरीमागून इकडे आलेली. आपल्याला सगळं येतं असं वाटण्याचं माझं वय तेव्हा संपायला हवं होतं, पण संपलं नव्हतं. चाचांनी माझा कॉम्प्युटर कौतुकानं बघितला. म्हणाले, छान हाय, धूळ बसत नाय. मग खिशातून रुमाल काढून स्वतःच्या भिंतीवरची धूळ टिपायला गेले.

टिकल्या दुबईतल्या करामा भागातून यायच्या. महिन्यातून एकदा चाचा दुबईला जायचे, करामात एका गाववाल्याकडे जेवायचे आणि येताना बायकांच्या जिनसांच्या दुकानातून टिकल्या घ्यायचे. टाचण्यांनी नकाशा फाटतो, छापील स्टिकर उन्हानं वाळून गळतात, टिकली मात्र घामाच्या कपाळावर दिवसभर टिकते, हे त्यांचं शास्त्र. पण साठीला आलेला दाढीवाला माणूस दर महिन्याला टिकल्यांची पाकिटं निवडून निवडून घेतो, हे करामात लपणार कसं? तिथं रत्नागिरी-रायगडचे निम्मे लोक फिरत असतात. कुणीतरी बघितलं, कुणीतरी गावी फोन केला, आणि एका दुपारी झुलेखाचाचींनी नवऱ्याला विचारलं की ज्या बाईला रोज एवढ्या टिकल्या लागतात तिचं कपाळ आहे तरी केवढं.

हा किस्सा चाचा स्वतः सांगायचे आणि सांगताना त्यांचे डोळे हसून बारीक व्हायचे. शपथा घेऊन भागेना, तेव्हा त्यांनी भिंतीचा फोटो पाठवला. चाची शांत झाल्या. मग थोड्या वेळानं त्यांचा उलट फोन आला. त्यांनी विचारलं की ही सगळी माणसं आजारी, बरं. पण बरी झाली की त्यांचं काय करता? चाचांनी सांगितलं, टिकली काढून टाकतो. तर चाची म्हणाल्या, काढता कशाला, बिचारा बरा झाला ते पण दिसू दे ना. त्या दिवसापासून हिरवी टिकली आली. ती लालवर चिकटवायची, जराशी बाजूला सरकवून, म्हणजे खालच्या लालची कोर दिसत राहते. डॉ. तारिकना हे फार आवडलं. त्यांनी विचारलं, ही पद्धत कुठल्या पुस्तकातली? चाचांनी सांगितलं, माय वाइफ, सर.

चाचांचा एक नियम होता. जो माणूस डोळ्यांनी बघितला नाही त्याची टिकली लावायची नाही. दवाखान्याचा कागद आला की ते आपल्या जुन्या पांढऱ्या कोरोलातून निघत. खोली शोधत, माणसाला भेटत, पाणी कुठलं पितोस विचारत, आणि परत येऊन टिकली लावत. बरा झाल्याचा कागद आला की पुन्हा तीच फेरी. हे मला वेडेपणाचं वाटे. माझ्याकडे बटण दाबलं की नोंदी येत होत्या, मग हे पेट्रोल का जाळायचं? मी एकदा तसं म्हटलंही. चाचांनी मला वाटाण्याची उसळ आणि तांदळाची भाकरी खायला दिली. माझ्यासारखी शाकाहारी पोरगी वाळवंटात जगते कशी, हा त्यांना पडलेला कायमचा प्रश्न होता.

माझ्या पेट्रोलच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं ते सहा महिन्यांनी. ऑफिसात एक ट्रेनिंग होतं. डॉ. तारिकनी पडद्यावर आमच्या धंद्यातले मूळपुरुष दाखवले. लंडनमधल्या कॉलऱ्याचे मृत्यू घराघरांपुढे काळ्या रेघांनी मांडणारा तो डॉक्टर, आणि सैनिक लढाईपेक्षा रोगराईनेच जास्त मरतात हे पाकळ्यापाकळ्यांच्या चित्रातून राज्यकर्त्यांना दाखवणारी ती नर्स. मी भारावून बघत होते. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर चाचांनी मागून हात वर केला. त्यांनी विचारलं की त्या डॉक्टरसाहेबांबरोबर दारोदार फिरून, तुमच्या घरात कोण गेलं, असं विचारणारा माणूस कोण होता? सगळे हसले. मी डॉ. तारिककडे बघितलं. त्यांनी स्लाइड मागे नेली, पुढे नेली. त्या माणसाचं नाव कुठंच नव्हतं.

नंतर चहा पिताना चाचा मला म्हणाले, "आमच्या गावचा मला ठाऊक हाय. त्याचं नाव धोंडू सावंत."

हा धोंडू सावंत मलेरियाचा माणूस. चाचा लहान असताना होडीनं खाडी ओलांडून यायचा. घरात फवारणी झाली, कुणाला ताप आहे का बघून झालं, की दाराशेजारच्या भिंतीवर गेरूनं तारीख आणि खूण लिहायचा. चाचांच्या लेखी साऱ्या गावाच्या भिंती मिळून धोंडू सावंताचा नकाशा होता. एकदा छोट्या रहीमनं खोडी म्हणून ओल्या हातानं स्वतःच्या घरावरची खूण पुसली. सावंत होडीकडे परत निघाला होता, त्यानं लांबून पुसलेली भिंत बघितली आणि तो माघारी आला. रहीमची आई म्हणाली, आताच तर बघून गेलास, लिही परत, काय बिघडतं. सावंतानं पिशवी खाली ठेवली, पुन्हा सगळ्या खोल्या फिरला, झोपलेल्या आजीच्या कपाळाला हात लावला, आणि मग लिहिलं. तोवर भरती येऊन होडी गेली होती. त्या रात्री त्याला यांच्याच ओट्यावर झोपावं लागलं. रहीमला मार बसला तो वेगळा.

"आई त्याला म्हणाली, तुला ठाऊकच हाय की," चाचा म्हणाले. "तर बोलला, ठाऊक हाय ते मघाचं."

हे वाक्य चाचा उठता-बसता वापरायचे. चहात साखर घातली आहे, असं सांगितलं तरी चमचा फिरवून बघायचे आणि म्हणायचे, ठाऊक हाय ते मघाचं.

तरीही माझा हेका सुटला नव्हता. तो सुटला काविळीच्या वेळी. उन्हाळ्याच्या तोंडाशी दवाखान्यांतून काविळीचे कागद यायला लागले, एकदम आणि भराभर. पाणी तपासणारी तुकडी कुठं पाठवायची ते डॉ. तारिकना दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवायचं होतं. मी म्हटलं, मी देते नकाशा. सगळ्या नोंदींतले पत्ते कॉम्प्युटरला दिले आणि तासाभरात चित्र तयार. गावात इकडेतिकडे बारीक ठिपके, आणि मधोमध एक लालभडक मोठं वर्तुळ. रोगाचं घर सापडलं होतं. मी ते प्रिंट काढून, लांब धरून बघितलं. मला माझा फार अभिमान वाटला.

चाचा प्रिंटरजवळ उभे होते. त्यांनी कागद उचलला, चष्मा कपाळावर चढवून जवळून बघितला आणि आजूबाजूला कुणी नाही ना ते बघून हळू आवाजात मला म्हणाले, "बाय, ह्या पोस्टात मी वीस वर्षं जातोय. आत तीन काउंटर हायत. एवढी माणसं झोपतात कुठं गो?"

मी वर्तुळ पुन्हा बघितलं. ते पोस्ट ऑफिस होतं. इथं पत्ता म्हणून लोक टपालपेटीचा नंबर देतात. हजार कामगार असले तरी अख्ख्या कंपनीची पेटी एकच. कामगार राहतो कुठल्या बागेमागे, आणि कागदावर राहतो पोस्टातल्या एका पेटीत. माझ्या कॉम्प्युटरनं सगळ्यांना इमानेइतबारे पोस्टात नेऊन कोंबलं होतं. दुसऱ्या दिवशी मी भर मीटिंगमध्ये पाणी तपासणाऱ्यांना पोस्ट ऑफिसात पाठवणार होते. माझे कान तापले.

चाचांनी तो कागद चार घड्या करून खिशात घातला आणि आजतागायत कुणाला दाखवला नाही. डॉ. तारिकना जाऊन सांगितलं की मशीन दोन दिवस मागतंय. डॉक्टर म्हणाले, यल्ला, चला, दोनच. मग आम्ही कोरोलातून फिरलो. खरं तर फिरले चाचा. मी गाडीत एसी लावून लॅपटॉपवर नावं टिपत होते. ते एकेका खोलीत जात, येऊन नाव सांगत, बाटलीभर पाणी पीत आणि पुढची रांग गाठत. दुसऱ्या दिवशी दुपारी एका खजुराच्या बागेमागं ते मला टाकी दाखवायला घेऊन गेले. टाकीचं झाकण मोडलेलं आणि तिला टेकूनच सांडपाण्याची फुटकी नळी. बागेमागच्या त्या खोल्या सगळ्या त्याच टाकीवर. टाकी बंद झाली, नळी बदलली, टँकरचं पाणी सुरू झालं, आणि लाल टिकल्या वाढायच्या थांबल्या. त्या संध्याकाळी भिंतीपाशी मी एक टिकली उचलली. चाचांनी माझा हात अलगद अडवला. म्हणाले, तू टाकी बघितलीस, माणूस नाय बघितलास. मला राग आला होता. त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्तच आला.

त्यानंतर माझ्या स्क्रीनवर एक नवा रकाना आला: बघितलं कोणी. तो रिकामा असेल तर ठिपका उमटत नाही. डॉ. तारिकनी त्याला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव दिलंय. माझ्या लेकीला मी एकदा ऑफिसात आणलं होतं. ती भिंत बघून तिथून हलेना. "मम्मा, युवर वन हॅज डॉट्स, हिज हॅज पीपल," असं म्हणाली. चाचांनी तिला एक अख्खं पाकीट दिलं आणि तिनं ते घरी फ्रीजवर संपवलं.

काविळीच्या लाल टिकल्या एकेक करून हिरव्या होत गेल्या. चाचांच्या निवृत्तीची तारीख ठरली होती. व्हिसा संपणार, ऑफिसही नव्या इमारतीत जाणार, आणि तिथल्या भिंती काचेच्या. पंधरा दिवस उरले तेव्हा बागेमागच्या रांगेत एकच लाल टिकली बाकी होती. टेक बहादूर, नेपाळचा, माळी. आजारी असतानाच त्यानं काम सोडलं होतं. बरा झाला, परत गेला की काही बरंवाईट झालं, कुणालाच माहीत नव्हतं. कागदावर त्याचा पत्ता म्हणजे पुन्हा तीच टपालपेटी.

चाचा सामान बांधायचं सोडून त्याला शोधत होते. कुणाच्या निरोपसमारंभाची कुणाला पडलेली असते, पण चाचांना स्वतःच्याच समारंभात बसवत नव्हतं. डॉ. तारिक भाषण करत होते आणि हे मागच्या रांगेत कुणाला तरी फोन लावत होते. मला म्हणाले, भिंत अशी सोडून कसा जाऊ? खाली बघून बोलले. त्या माणसाचा आवाज एरवी कधी पडलेला मी ऐकला नव्हता.

जाण्याच्या दिवशी सकाळी सनायातल्या बकाल्याच्या मल्याळी मालकाचा फोन आला. टेक बहादूरचा पत्ता लागला होता. करामात एका लॉन्ड्रीत कामाला आहे, आणि मजेत आहे. मी टाळीच वाजवली. विमान दुपारचं होतं आणि चाचांना दुबईला मीच सोडणार होते. म्हटलं, चला, लावा हिरवी आणि बसा गाडीत.

चाचा टिकलीला हात लावेनात. "मजेत हाय म्हणजे काय? त्यानं डोळे बघितले?"

"चाचा, विमान सुटेल."

"करामा वाटेतच हाय," ते म्हणाले. करामा वाटेत नव्हतं.

करामात पार्किंग मिळेना. तीन फेऱ्या मारल्या. चाचा घड्याळ बघत नव्हते, मीच बघत होते. शेवटी एका पार्सलवाल्याच्या मागे गाडी लावून आम्ही लॉन्ड्रीत शिरलो. आत वाफ आणि साबणाचा वास, आणि एक किरकोळ तरुण पांढऱ्या कंदुऱ्याला, म्हणजे अरबी पायघोळ झग्याला, इस्त्री करत होता. त्यानं वर बघितलं आणि इस्त्री बाजूला ठेवली.

"चाचाजी, आप यहाँ?"

चाचांनी त्याला काही विचारलं नाही. हात धरून दाराशी उजेडात आणलं, वर बघायला लावलं आणि अंगठ्यानं डोळ्याखालची कातडी ओढली. मग बाजूला सरकले. "बाय, बघ तू."

मी बघितले. डोळे पांढरेशुभ्र होते, थोडे पाणावलेले. मी त्याला विचारलं, भूक लागते का, पाणी कुठलं पितोस. लाजत का होईना, त्यानं उत्तरं दिली. घरी मुलगी झाली आहे, असंही सांगितलं, ते मी विचारलं नव्हतं.

"खलास, काम झालं," चाचा म्हणाले, आणि भर लॉन्ड्रीत त्या पोराला त्यांनी मिठी मारली.

विमानतळावर बॅगा उतरवल्या. वेळ होता, अगदी थोडा. चाचांनी शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं, एक मोठी हिरवी टिकली नखानं सोडवली आणि माझ्यापुढे बोट धरलं. "ही त्याची. लाल हाय तिथंच लाव. माणूस करामात गेला तरी आजार बागेतच झाला."

"मी लावू?"

"तू बघितलंस."

इतक्या दिवसांतली माझी पहिली टिकली. ती मी बोटावर घेतली आणि तिचं काय करावं ते कळेना. अल ऐन दीड तासावर, गाडी मला चालवायची, पर्समध्ये टाकली तर धूळ लागून जाणार. टिकली हरवू नये अशी एकच जागा मला ठाऊक होती. मी ती कपाळाला लावली.

चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि मग इकडेतिकडे बघितलं. आजूबाजूला रत्नागिरीकडचे चार-पाच लोक ट्रॉल्या ढकलत होतेच.

"आता गावी पुन्हा फोन जाणार गो," ते म्हणाले. डोळे हसून बारीक झाले होते आणि ओलेही झाले होते. मग ट्रॉली वळवून ते काचेच्या दारातून आत गेले. आत गेल्यावर एकदा थांबले, वळले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी लांबून माझं कपाळ नीट बघितलं, आणि टिकली जागेवर आहे याची खात्री करून रांगेत उभे राहिले.